गंज चढवलेली मालगाडी

माझ्या नातवानं परवा घरबसल्या एक बाटली मागवली. खोक्यात खोकं, खोक्यात कागद, कागदात बोटभर बाटली, आणि बाटलीत काय, तर गंज! विकतचा! आमच्या गेटाला गंज, नळाला गंज, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाची चाळणी झालेली, आणि हा दीडशहाणा आपल्या खेळण्यातल्या इंजिनाला लावायला परदेशातून गंज आणतो. मी म्हटलं, "बाप्पा, मले सांगितलं असतं तं पसाभर खरवडून देल्ला असता." तर म्हणतो, "आजी, खरा गंज एवढ्याशा इंजिनावर खरा दिसत नाही." त्याचं बरोबर होतं. ते मला त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, पण नातवाला तोंडावर बरोबर म्हणायची आमच्या घरात रीत नाही. मी नुसतं हूं केलं आणि भाजी निवडायला बसले.

आमचे बाबा रेल्वेत डबे तपासायचे. स्टेशनचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथले लोक अजून भांडायला येतील. भंडारा जिल्ह्यातलं, मँगनीजच्या खाणींकडं फाटा फुटतो तिथलं एक स्टेशन, एवढं पुरे. मालगाडी येऊन थांबली की बाबा हातोडी आणि खडू घेऊन निघायचे. चाकं ठोकत, वाकून डब्याच्या पोटाखाली पाहत शेवटच्या डब्यापर्यंत जायचे. डबा ठीक असला की त्यावर खडूनं 'फिट' लिहायचं आणि खाली सही. नसला की 'सिक'. सिक डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर, दुरुस्तीला. ही ठोकायची सवय घरीही यायची. बाजारात माठ ठोकून घेणारे खूप असतात, आमचे बाबा फणसही ठोकायचे, पाटही ठोकायचे, मायनं घासून ठेवलेली परात येताजाता बोटानं वाजवून 'हं, बरी आहे' म्हणायचे. पुढं माझा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवरही दोन थापा मारल्या. माय म्हणायची, थे प्रेम नव्हतं, आवाज ऐकून राह्यले होते.

क्वार्टर दीड खोलीचं. अर्ध्या खोलीत चूल, अर्ध्या भिंतीवर काजळी. शंटिंगचं इंजिन गाडीला धडकलं की फळीवरचे पितळी डबे खुळखुळायचे, आणि माय न पाहता हात वर करून शेवटचा डबा धरायची. पहाटे कोंबडा नव्हे, खाणीच्या गाडीची शिट्टी. जेवायला भात, लाखोळीची डाळ, बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, मासोळ्या निघाल्या की मासोळ्यांचा रस्सा. त्या रश्श्याला मँगनीजची धूळ लागलेली असायची असं माझं आजही मत आहे, कारण शहरात कुठंही त्याला तशी चव येत नाही. रविवारी माय पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायची आणि परत येईपर्यंत ते काठाशी काळं झालेलं असायचं. तिला एकच ध्यास होता. बाबांचं हेडचं, म्हणजे मुख्य तपासणाऱ्याचं, प्रमोशन आठ वर्षांपासून लटकलेलं होतं, आणि हेडला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं, दारात स्वतःचा नळ. तांदळाची कोठी कुठं ठेवायची, चूल कोणत्या भिंतीला, वाळवण कुठं, सगळं तिनं त्या न मिळालेल्या क्वार्टरात मांडून टाकलं होतं. तिथं राहणाऱ्या हेडच्या बायकोकडं विरजण मागायला म्हणून जायची आणि डोळ्यांनी मापं घेऊन यायची.

मला गाड्यांचं वेड लागलं ते जत्रेतल्या चावीच्या इंजिनापासून. पत्र्याचं, लाल, पोटावर गुलाबाचं फूल, सोबत दोन डबे. मी हरखून गेले. बाबांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, चाक फिरवून पाहिलं, आणि अत्यंत गंभीरपणे खिशातला खडू काढून त्यावर 'सिक' लिहिलं. मी भोकाड पसरलं. माय ओरडली, "काहून रडवता पोरीले? खेळणं होय थे!" बाबा म्हणाले, "खेळणं असन. पण फुलाचं इंजिन कोणत्या लाइनीवर चालते, मले दाखव." आणि त्याच दिवशी आमच्या घरात दुरुस्तीचा कारखाना सुरू झाला. फूल खरवडलं. स्टोव्हच्या पिनेचे दांडे बसवले. पुढं धक्का झेलायला टिचबटणांचे बफर लागले, सायकलच्या व्हॉल्वट्यूबचा ब्रेकचा पाइप झाला. मागून बोथट खिळा हलक्या हातानं ठोकला की पत्र्यावर रिवेट, खिळ्याच्या डोक्यासारखे फुगवटे, उठतात, हे बाबांनी शिकवलं. पण त्यांचा हात रुळावरच्या हातोडीचा, दोन रिवेट झाले की तिसऱ्याला भोक. महिन्याभरात ते काम माझ्याकडं आलं, आणि बाबा नुसते शेजारी बसून नाक खुपसायचे. इंजिनातला कोळसा खराच असायचा, बारीक कुटून मायच्या चहाच्या गाळणीतून गाळलेला. गाळणी परत जागेवर ठेवायचे मी, पण चहा बोलायचा.

सगळ्यात अवघड काम जुनं करायचं. नवं कोणीही बनवतो. चिंचेच्या पाण्यात खिळे भिजवून त्याचं काळपट-लाल पाणी, कंदिलाच्या काचेची काजळी, धावड्याचा डिंक, वस्त्रगाळ मँगनीज. डब्याच्या कोपऱ्यात गंज कुठं आधी येतो, दार आपटून पत्रा कुठं चेपतो, पाणी गळून ओघळ कुठून कुठवर जातो, हे पाहायला मी तासन्‌तास साइडिंगच्या रुळाशी उभी राहायचे. शेजारच्या काकूनं एकदा माझा डबा पाहून मोठ्या मायेनं राख आणि नारळाची शेंडी आणून दिली, म्हणाली, "घे वं, घासून काढ, लखलखीत होईन." बाबांचा नियम एकच होता, "जे नाही थे लावाचं नाही, जे आहे थे झाकाचं नाही." हा नियम ते मला दिवसातून चारदा ऐकवायचे. मी सोळा वर्षांची होते, मला तो रिवेटांचा नियम वाटला.

मग मी मँगनीजच्या डब्यांची गाडी करायला घेतली. सहा डबे, सहाही खऱ्या डब्यांवरून, प्रत्येकाला त्याचा खरा नंबर. खाणीची गाडी आठ-दहा दिवसांनी फिरून यायची, तेच डबे, त्यामुळं अर्धवट राहिलेलं पुढच्या फेरीला पाहता यायचं. गाडी उभी असली की बाबा रुळावर लाल झेंडी रोवून देत आणि मी वही घेऊन डब्याखाली शिरायचे. माय कपाळ बडवायची, "पोट्टी डब्याखाली लोळून राह्यली, अन् बाप पहारा देऊन राह्यला! हिले बायको कोण करीन?" अशाच एका डब्याखाली, उजव्या बाजूला दुसऱ्या चाकाजवळ, मला एक गंमत दिसली. ब्रेकचा दांडा जिथं लोंबतो तिथं आडवी पिन असते. या डब्याला ती नव्हती, तिथं जाडी तार पिळून बांधली होती. मी खूश! असलं बारीक कोणाच्या डोळ्याला दिसलं असतं? घरी येऊन केसाएवढी तांब्याची तार घेतली आणि श्वास रोखून तीन पीळ दिले. वर खडूच्या पाण्यानं मुंगीएवढ्या अक्षरात 'फिट' लिहिलं आणि खाली बाबांची सही काढली. खरी सही होती तशीच, शेपूट वर वळलेली.

ती तार तिथं कशी आली, हे मला नंतर कळलं. पिना संपल्या होत्या. बाबांनी मागणीचा कागद तीनदा पाठवला, तो तीनदा 'अपूर्ण' म्हणून परत आला. एकदा तारीख नाही म्हणून, एकदा तारीख आहे पण शाई वेगळी म्हणून, एकदा काहीच कारण नाही म्हणून. आणि यार्डाचे त्रिपाठीबाबू रोज डोक्यावर उभे. खाणीची गाडी अडली की त्यांना वरून फोन यायचे. ते बाबांना म्हणायचे, "अरे रामटेके, बाँध दो तार, लिख दो फिट. आगे वाले जंक्शन पे देख लेंगे." आगेवाल्या जंक्शनचे लोक त्याच्या आगेवाल्यावर भरवसा ठेवायचे. गाडी जिथून निघाली तिथंच फिरून येत असल्यामुळं सगळ्यात आगेवालं जंक्शन म्हणजे पुन्हा आमचंच.

आणि मोठ्या साहेबाचं इन्स्पेक्शन लागलं. पंधरा दिवस आधी स्टेशनला चुना आणि गेरू सुरू झाला. झाडांना चुना, दगडांना चुना, एक म्हातारं कुत्रं चुन्याच्या बालटीशेजारी झोपायचं, त्याच्या शेपटीला चुना. फुलांच्या कुंड्या आदल्या स्टेशनवरून मालगाडीनं आल्या. साहेब आमचं स्टेशन पाहून जेवायला बसले की त्याच कुंड्या पुढच्या स्टेशनवर जायच्या, साहेबांच्या आधी. साहेबाला आपल्या सगळ्या हद्दीत एकाच जातीची शेवंती फुलते याचं कधी नवल वाटलं नाही, हे मात्र मला अजून नवल वाटतं. मँगनीजची गाडी नेमकी आदल्या दिवशी आलेली, पण ती घाण दिसते म्हणून त्रिपाठीबाबूंनी तिला मालगोदामाच्या मागच्या रुळावर दडवलं. आणि प्रतीक्षालयात 'कर्मचाऱ्यांच्या मुलांची कला' असं प्रदर्शन मांडलं. त्यात काड्यापेटीच्या काड्यांचे दोन बंगले, कापसाचे अकरा ससे, आणि माझी मालगाडी. साहेबांना खेळण्यातल्या गाड्यांचा शौक आहे अशी खबर होती. त्रिपाठीबाबू बाबांना म्हणाले, "रामटेके, तुम्हारी बिटिया ही तुम्हें हेड बनाएगी." मायनं हे ऐकलं आणि त्या दिवशी तांदळाची कोठी मनातल्या मनात अजून थोडी डावीकडं सरकवली.

सकाळी मी डबे मांडत होते तेव्हा बाबा आले. इस्त्रीचा गणवेश, केसाला तेल. त्यांनी एकेक डबा हातात घेऊन पाहिला. चौथा, तारेचा, उलटा केला आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला.

"हा मांडलाच पाह्यजे का वं?"

"काहून? चांगला नाही झाला?"

"चांगला झाला," ते म्हणाले, "लय चांगला झाला," आणि हळूच रुळावर ठेवून दिला. मी तेव्हा काय होते, मूर्ख होते. मला वाटलं, बापाचा ऊर भरून आला.

साहेब आले. ससे पाहिले, बंगले पाहिले, 'बहुत बढ़िया' म्हणाले. माझ्या गाडीपाशी आले आणि थांबले. नंतर ऐकलं की यांनी घरी मुलासाठी म्हणून विलायती खेळण्यातली गाडी आणली होती आणि मुलाला हात लावू देत नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डबा डोळ्याला लावला. "ये रिवेट किसने उठाए?" मी म्हटलं, मैंने. "ये जंग?" मैंने. साहेब तर लहान मूलच झाले. त्यांनी चौथा डबा उलटा केला आणि त्यांचं बोट त्या जागी थांबलं. "वाह. लेकिन बेटी, सब जगह पिन लगाई है, यहाँ तार क्यों? पिन खत्म हो गई थी?"

त्रिपाठीबाबूंच्या चेहऱ्याचा रंग गेरूतून चुन्यात गेला. बाबा माझ्याकडं पाहत होते. आणि मला काय झोंबलं? माझ्याकडं पिना संपल्या! डझनभर सुया तोडून ठेवल्या होत्या मी! "नाही साहेब," मी म्हटलं, "मेरे पास पिन बहुत है. असली डब्बे में ही तार है. मैं नीचे घुस के देख के आई."

"साहब, बच्ची है," त्रिपाठीबाबू हसत म्हणाले, "कुछ भी बना देती है. वो डब्बा तो कब का निकल गया."

बस्स. मला खोटं ठरवलं! "कहाँ निकल गया?" मी म्हटलं. "गोदाम के पीछे खड़ा है ना. कल ही आया. दाहिने बाजू, दुसरे चक्के के पास. चल के देख लो!"

चल के देख लो. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, दोनदा घर बदललं, एकदा शाळेच्या निवडणुकीला उभी राहिले, पण या चार शब्दांची सर कशालाच नाही. साहेब खरंच निघाले. हातात माझा डबा, मागं सगळी वरात. चुना गोदामाच्या कोपऱ्यापर्यंतच मारलेला होता, कारण साहेब त्याच्या पुढं येणार नव्हते. तिथून पुढं काळा चिखल. साहेब पँट वर ओढून वाकले, एकदा माझ्या डब्याकडं पाहिलं, एकदा खऱ्याकडं. तार होती. पीळही तीनच. वर खडूत 'फिट', शेपूट वर वळलेली सही.

"फिट किसने लिखा?"

त्रिपाठीबाबू आभाळाकडं पाहू लागले. कार्तिकातलं स्वच्छ आभाळ, तिथं काय ठेवलं होतं देव जाणे. बाबा पुढं आले.

"मैंने, साहब."

"क्यों?"

"पिन नहीं थी."

"तो सिक क्यों नहीं लिखा?"

 बाबांनी त्रिपाठींचं नाव घेतलं नाही, परत आलेले तीन कागद खिशात होते, तेही काढले नाहीत. त्यांनी बाहीनं 'फिट' पुसलं, खडू काढला आणि 'सिक' लिहिलं.  मला तेव्हा, त्या चिखलात उभी असताना, कळलं की मी काय करून बसले.

चौकशी बसली. समितीनं तीन वेळा चहा घेतला. माझा डबा पुरावा म्हणून जप्त झाला, त्याची रीतसर पावती मिळाली, 'डब्बा, छोटा, जंग लगा, एक'. यार्डात गाडी तपासायची पद्धत तीच राहिली, पिनांच्या मागणीचा कागद चौथ्यांदा परत आला, यावेळी 'विषय चौकशीत आहे' म्हणून. शेवटी निष्कर्ष निघाला आणि सगळ्या स्टेशनांवर पत्रक लागलं की यापुढं कर्मचाऱ्यांच्या मुलांनी कलाप्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंवर रेल्वेचे खरे नंबर टाकू नयेत. बाबांच्या नोकरीवर ठपका बसला, हेडचं प्रमोशन कायमचं गेलं. त्रिपाठीबाबूंना मात्र मिळालं. पुढच्या वर्षी ससे एकोणीस होते.

माय पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदम बोलली ते, "भात घे." विरजण मागायला ती त्या क्वार्टरात पुन्हा गेली नाही. बाबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत, आणि माझ्या कामाशेजारी येऊन बसलेही नाहीत. कारण काम मी बंद केलं. खिळा, तार, टिचबटणं, सगळं एका डब्यात कोंबून माळ्यावर टाकलं. एकदा बाबा म्हणाले, "इंजिनाचं कुठवर आलं?" मी म्हटलं, अभ्यास आहे. मी डीएड केलं, मास्तरीण झाले, लग्न झालं, दोन पोरं झाली. बाबा तपासणारेच राहिले, त्याच दीड खोलीत, आणि मी सुट्टीत तिथं गेले की त्या काजळीच्या भिंतीकडं पाहायचं टाळायचे.

ते निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. अंगणात खाटेवर बसले होते, मी शेंगा सोलत होते, माय आत. इतक्या वर्षांनी मला कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "बाबा, तुमाले राग आला होता का माह्या?"

"आला होता," ते ताबडतोब म्हणाले. जसं काही कालच कोणी विचारलं होतं. "वर्षभर होता."

"माह्यावर? तिरपाठीवर नाही?"

"तिरपाठीवर कायले? थो कोण मोठा खरं बोलणारा होता? राग ज्याच्यापासून आशा असते त्याचा येते." त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे माझ्याच सुपात टाकले. "मंग एक दिवस तसाच एक डबा आला. पिन नाही. नवा यार्डवाला म्हणाला, रामटेके, लिख दो. मी 'सिक' लिहिलं. थो लाल-पिवळा झाला, म्हणे, प्रमोशन नहीं मिलेगा. मी म्हटलं, थे तं पह्यलेच गेलं, साहेब! अन् मले असं हासू सुटलं, असं हासू सुटलं, का मी रुळावरच बसलो. त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत एकही खोटं 'फिट' लिहिलं नाही मी. कोणी लिहवूच शकत नव्हतं. माह्याजवळून घ्याचं काही राह्यलंच नव्हतं ना!"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. एका वर्षात यांचा राग गेला होता, आणि मी इतकी वर्षं मान खाली घालून या अंगणात येत होते! मला रडू फुटलं आणि संतापही फुटला, दोन्ही एकदम. "मंग मले काहून नाही सांगितलं, बाबा? मी सगळं टाकून देल्लं! मी तुमाले भेऊन राह्यली होती!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायची त्याला काही घाई नव्हती.

"तू मले भेऊन राह्यली होती?" ते म्हणाले. "अवं, मी तुले भेऊन राह्यलो होतो. तू पुन्हा माह्या जवळ बसून माह्या हातचं खरं-खोटं पाह्यशीन, अन् तसंच्या तसं बनवशीन म्हणून."